नाचणारा बत्ताशा

फार वर्षांपूर्वी एका गावात एक पाटील राहायचा. मनाने चांगला, पण कौतुकाचा भारी भुकेला. गावातल्या वहाणा शिवणाऱ्या आजीकडून त्याने खास वहाणा करून घेतल्या होत्या. तळ तीन पदरी, वर लाल गोंडा, आणि चालताना अशा करकरायच्या की पाटील येतोय हे अर्ध्या गावाला आधीच कळायचं.

दुपारचं जेवण झालं की वेशीपासून देवळापर्यंत शतपावली घालायचा त्याचा नेम होता. तो सगळा रस्ता काळ्या फरशीचा. सोबत त्याचा पांढराशुभ्र कुत्रा, बत्ताशा. पाटलाचा त्याच्यावर एवढा जीव की घरातली पहिली भाकरी बत्ताशाची, दुसरी पाटलाची.

वैशाख लागला. एके दुपारी बत्ताशाने फरशीवर पाय ठेवला आणि एकदम टुणकन उडी मारली. मग हा पाय वर, तो पाय वर, गर्रकन गिरकी, पुन्हा उडी.

"अरे, हा तर नाचतो!" पाटील हरखून गेला.

ओट्यांवर सावलीत बसलेल्या लोकांनी टाळ्या पिटल्या. हलगीवाल्याला तर निमित्तच हवं होतं. मग हा रोजचाच खेळ झाला. खेळ संपला की बत्ताशा जीभ लोंबती टाकून कोपऱ्यात पाय चाटत बसायचा, पण तिकडे बघायला वेळ कोणाला होता!

त्याच आठवड्यात पाटलाचे व्याही मुक्कामाला आले. आल्या आल्या त्यांनी मिशीवर ताव दिला.

"आमचा घोडा पाहुण्यांना मान लववून सलाम करतो बरं का!"

"घोड्याचं काय घेऊन बसलात? आमचा कुत्रा हलगीवर नाचतो," पाटील म्हणाला. "नाही नाचला, तर मी स्वतः नाचीन!"

संध्याकाळी सडा घातलेल्या गार अंगणात सगळे जमले. हलगी वाजली. बत्ताशाने एक जांभई दिली, ओल्या मातीवर पोट टेकलं आणि डोळे मिटले. व्याही गालात हसले. पाटलाचा चेहरा पडला.

"तो दुपारचाच नाचतो. उद्या दुपारी बघाच," तो कसाबसा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गाव ओट्यांवर दाटीवाटीने बसलं. बत्ताशा मात्र उंबऱ्याच्या आतच थांबला. फरशीकडे बघायचा आणि मागे सरायचा.

"बत्ताशा, चल रे माझ्या राजा!"

धन्याची हाक ती. बिचारा उठला, शेपूट हलवली आणि रस्त्यावर आला. लगेच उड्या सुरू झाल्या. लोक ओरडले, हलगी घुमली, पाटलाची छाती फुगली.

तेवढ्यात आपल्या ओट्यावरून आजी म्हणाली, "पाटील, वहाणेचा अंगठा सैल झालाय की! द्या इकडं, दोन टाके घालते. व्याह्यांम्होरं तुटली तर शोभंल का?"

पाटलाने ऐटीत वहाणा काढून दिल्या आणि दोन्ही पाय फरशीवर टेकले.

"आई गं!"

हा पाय वर, तो पाय वर! गर्रकन गिरकी! धोतराचा सोगा सुटला, पागोटं कानावर आलं. हलगीवाला आधी दचकला, पण त्याच्या हातांना काही थांबवेना.

व्याही पोट धरून म्हणाले, "पाटील, शब्दाचे पक्के निघालात!"

"हलगी थांबव रे!" पाटील ओरडला, "नाच नाही हा, चटके आहेत!" आणि ओरडता ओरडताच त्याची नजर शेजारी उड्या मारणाऱ्या बत्ताशावर गेली. त्याने झटकन कुत्र्याला छातीशी उचललं आणि अनवाणीच आजीच्या ओट्यावर धाव घेतली.

तिथे त्याने बत्ताशाचा पंजा उलटा करून पाहिला. गादी लालबुंद होऊन सोलवटली होती. पाटलाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आजी, आधी का नाही सांगितलंस?"

"दोनदा सांगितलं. हलगीपायी ऐकू आलं नाही तुमाला. ज्याचं जळतं, त्यालाच कळतं, पाटील."

तिने गार पाण्याचं घंगाळ पुढे सरकवलं. त्यात बत्ताशाचे चार पाय आणि पाटलाचे दोन, असे सहा पाय शेजारी शेजारी बुडाले. बत्ताशा आधी पोटभर पाणी प्यायला, मग त्याने धन्याचं तोंड चाटलं. त्याच्या मनात राग नव्हताच. ते बघून पाटलाला आणखीच भरून आलं, आणि मग आपल्या सुटलेल्या धोतराकडे लक्ष जाऊन तो खो खो हसत सुटला.

त्या दिवसापासून पाटलाची शतपावली दिवस मावळल्यावर होऊ लागली. निघण्याआधी तो फरशीवर पालथा हात ठेवून बघायचा. ऊन असेपर्यंत बत्ताशा रांजणाजवळच्या ओलसर सावलीत पसरायचा. गावानेही दारोदारी पाण्याची खापरं भरून ठेवली.

पंधरा दिवसांनी पाय बरे झाले. एका गार संध्याकाळी करकरत्या वहाणा वाजल्या आणि बत्ताशा आपणहून अंगणभर नाचला. हलगी नव्हती, टाळ्या नव्हत्या. पाटलाने वहाणा भिरकावल्या आणि तोही नाचला.

तात्पर्य म्हणाल तर एवढंच: मुक्या जिवाचं कौतुक करण्याआधी आपल्या वहाणा काढून त्याच्या जागी उभं राहून बघावं.