रथखान्यातली मोराची मांडणी

फार फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा राजे पुष्कळ होते आणि राज्यं इवलीशी होती. एका राज्यात कुणी शिंकलं, तर शेजारच्या राज्यातून "शतंजीव" ऐकू यायचं.

अशाच एका टेकडीवरच्या राज्यात रायाजी नावाचा कोठावळा होता. राजवाड्यातलं धान्य, भांडीकुंडी, दोर, दिवे, सतरंज्या, सगळं त्याच्या ताब्यात असे. माणूस इमानी, कष्टाळू आणि हसतमुख. खोड म्हणाल तर एकच. त्याच्या तोंडातून "नाही" हा शब्द निघत नसे.

कुणी काहीही सांगितलं की रायाजी म्हणे, "होईल की." मग ते व्हावं म्हणून धावाधाव करी, घाम गाळी, जेवण विसरी. त्याची बायको चिमा म्हणायची, "यमराज दारात येऊन म्हणाले ना, जरा रेड्याला धरता का, तरी तुम्ही होईल की म्हणाल."

रायाजी त्यावर हसे. त्याला ही आपली स्तुतीच वाटे.

त्या राज्यात एक मोठा रथखाना होता. पण रथखान्यात रथ सोडून सगळं होतं. मोडकी चाकं होती, लोखंडी आस होते, वंगणाचे माठ होते. हत्तीच्या घंटा होत्या. एक दांडी हरवलेली पालखी होती. राणीसाहेबांच्या मळ्यातले लाल भोपळे होते. पूर्वी तिथे लाकडी मांडणी असे, ती वाळवीने खाल्ली. तेव्हापासून सगळं जमिनीवर होतं, एकावर एक. आणि महाराजांचा रथ बाहेर चिंचेखाली उभा असे. चिंचेवर बगळे असत. त्यामुळे रथाचा रंग मूळचा कोणता, हे कुणाला सांगता येत नसे.

एके दिवशी महाराजांनी रायाजीला बोलावलं.

"रायाजी, दसऱ्याला शेजारचे राजे येणार आहेत. आपला रथखाना बघायची त्यांची इच्छा आहे. रथ आत गेला पाहिजे आणि आतलं सामान ओळीने लागलं पाहिजे. लोखंडी मांडण्या घ्या. वाळवी लोखंड खात नाही."

"होईल की, महाराज."

"पण स्वस्तातल्या घ्या बरं का. राजकन्येच्या लग्नात खजिन्याचा तळ दिसलाय."

"होईल की, महाराज."

रायाजी बाहेर आला आणि पायरीवर बसला. धान्य हातात घेऊन तो त्याचं गाव सांगू शके. पण लोखंडातलं त्याला ओ का ठो कळत नव्हतं. हे महाराजांना सांगावं असं त्याच्या एकदा मनात आलं. पण "होईल की" तर म्हणून झालं होतं.

त्याने दवंडी पिटवली. स्वस्त आणि मजबूत मांडणी ज्याच्याकडे असेल, त्याने रथखान्यासमोर यावं. तिसऱ्या दिवशी तिघंजण आले.

पहिला आला तो दूरच्या नगरातला व्यापारी. रेशमी उपरणं, कानात भिकबाळी. त्याची मांडणी दोन पुरुष उंच होती, निळ्या रंगाने चकाकत होती आणि प्रत्येक फळीच्या कडेला पत्र्याचा मोर होता.

रायाजीने मांडणीभोवती एक फेरी मारली. लोखंड कसं पारखतात हे ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने ते बोटाने वाजवलं. मग वास घेतला. आजूबाजूच्या गड्यांना वाटलं, मालकांना बरंच कळतं. त्यांनीही पुढे होऊन वास घेतला.

"किती भार पेलेल?" रायाजीने विचारलं.

"काय ठेवायचंय?"

"जड सामान आहे."

"हत्ती ठेवा," व्यापारी म्हणाला.

रायाजीने खांबाला हात लावला. मांडणी डुलली. वरचे मोर नाचल्यासारखे हलले.

"हलतेय."

"लवचीक आहे, कोठावळे. ताठ असतं ते मोडतं."

हे रायाजीला पटलं. तरी त्याने भीत भीत विचारलं, "थोडं वजन ठेवून बघू का?"

व्यापाऱ्याने छातीवर हात ठेवला. "शंका येत असेल तर जरूर बघा. आमच्या सात पिढ्यांत कुणी बघितलं नाही, एवढंच."

रायाजी वरमला. आपल्याला कुणी "जमेल का नक्की?" असं दोनदा विचारलं, तर किती लागतं, हे त्याला माहीत होतं. तरी पारख तर झाली पाहिजे. म्हणून त्याने डोक्यावरचं पागोटं काढलं आणि मधल्या फळीवर ठेवलं. मांडणीने पागोटं पेललं. रायाजीने समाधानाने मान हलवली.

दुसरा आला तो पोतं घेऊन. त्याची मांडणी सुटी होती. "कुठेही न्या, कुठेही जोडा," असं म्हणून त्याने पोतं रिकामं केलं आणि जोडायला बसला. सूर्य डोक्यावर आला तरी जोडतच होता. शेवटी मांडणी उभी राहिली, पण एक पाय वर आणि तीन खाली. आणि जमिनीवर सात खिळे, दोन पट्ट्या उरल्या.

"हे कशाचे?" रायाजीने विचारलं.

दुसऱ्याने ते खिळे गोळा करून रायाजीच्या ओंजळीत ठेवले. "हे आमच्याकडून भेट," तो म्हणाला.

तेवढ्यात पाखरू येऊन बसलं आणि मांडणी परत पोत्यात जायच्या लायकीची झाली.

तिसरी आली भागा घिसाडीण. घण मारून मारून मनगटं दणकट झालेली. तिची मांडणी काळी, ठेंगणी, मागच्या बाजूला दोन तिरप्या पट्ट्या मारलेली. रंग नाही, मोर नाही. किंमत मोराच्या मांडणीएवढीच.

"किती भार पेलेल?" रायाजीने विचारलं.

"सगळ्यात खालच्या फळीवर सहा मण. मधलीवर दोन. वरचीवर एक, त्याहून शेरभर जास्त नको. आणि दादा, जड ते खाली ठेवायचं, हलकं ते वर."

गडी हसले. रायाजीलाही हसू आलं. "बाई, तो माणूस हत्ती ठेवा म्हणतोय."

"हत्ती जमिनीवरच बरा असतो," भागा म्हणाली.

"म्हणजे तुझी मांडणी कमजोर आहे."

"कमजोर कशाला असेल? ताकद किती, ते सांगितलं. वाटलं तर ह्या चौघा गड्यांना खालच्या फळीवर बसवा."

गडी लगेच दोन पावलं मागे सरले. रायाजीने मान हलवली. पाहुण्या राजांपुढे असली काळी ठेंगणी मांडणी कशी ठेवायची? आणि जी स्वतःच आपली हद्द सांगते, तिचा भरवसा काय? त्याने मोराच्या बारा मांडण्या घेतल्या.

घरी जेवताना त्याने चिमाला सगळं सांगितलं. चिमा भाकरी थापता थापता थांबली.

"अहो, त्या बाईने मण सांगितले. बाकीच्यांनी काय सांगितलं?"

"हत्ती सांगितला की."

"हत्ती काय माप आहे?" चिमा म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकली.

रायाजीने वाटी पुढे केली. त्याने आणखी आमटी मागितली.

सामान लावायला तो स्वतः उभा राहणार होता. पण मध्येच महाराजांचं बोलावणं आलं. "रायाजी, पाहुण्यांच्या जेवणाचंही तुम्हीच बघाल ना?" "होईल की." दुसऱ्या दिवशी, "वाजंत्र्यांचं?" "होईल की." तिसऱ्या दिवशी, "हत्तीला रंगवायचं आहे." "होईल की, महाराज." असं करता करता रायाजी सकाळी आचाऱ्यांच्या मागे, दुपारी सनईवाल्यांच्या मागे आणि संध्याकाळी हत्तीच्या मागे धावू लागला. हत्तीला रंग आवडला नाही, ही आणखी एक भानगड.

इकडे गड्यांनी जे हाताला लागलं ते आधी लावलं. भोपळे, दोर, टोपल्या खालच्या फळ्यांवर गेल्या. जागा उरली ती वर. मग शिड्या लावून त्यांनी लोखंडी आस, चाकं आणि वंगणाचे माठ सगळ्यात वर चढवले. रथ धुऊनपुसून मधोमध आणून ठेवला. तो लाल निघाला.

दसऱ्याला पाहुणे राजे आले. रथखान्याच्या दारात उभे राहून त्यांनी दोन्हीकडची मोरांची रांग पाहिली आणि म्हणाले, "वा. फार देखणी मांडणी आहे."

आपले महाराज फुलून गेले. रायाजी मागे उभा होता, त्याच्याही छातीत वारा भरला. तो एका मांडणीला खांदा टेकून उभा राहिला, तोच त्याच्या कानाशी बारीक आवाज झाला. कर्र.

त्याने वर पाहिलं. सर्वांत वरची फळी मधोमध वाकली होती आणि मांडणी पुढे झुकू लागली होती. पुढे रथ होता. रथाशी आपले महाराज आणि पाहुणे राजे उभे होते.

रायाजी फिरला आणि त्याने आपली पाठ मांडणीला लावली. पाय रोवले. मांडणी थांबली. तिचा सगळा भार आता त्याच्या पाठीवर आला. चेहऱ्यावर हसू मात्र त्याने तसंच ठेवलं.

"रायाजी, इकडे या. पाहुण्यांना रथ दाखवा," महाराज म्हणाले.

"इथूनही छान दिसतोय, महाराज."

"अहो, या तर."

"मला इथेच बरं वाटतंय, महाराज."

पाहुणे राजे कौतुकाने म्हणाले, "नम्र माणूस आहे." आणि ते चाकाचे आरे मोजत राहिले.

रायाजीने टाचा आणखी रोवल्या. घाम डोळ्यांत उतरला. शेजारच्या मांडणीनेही कर्र केलं. आता ओरडावं तर पाहुण्यांपुढे महाराजांची शोभा, आपली शोभा. न ओरडावं तर... त्या पुढचा विचार त्याच्याच्याने होईना. आजवर सगळं निभावलं, हेही निभेल, असं तो स्वतःला सांगत होता, आणि पाठीतलं हाड न् हाड त्याला उलटं सांगत होतं.

तेवढ्यात महाराज म्हणाले, "रायाजी, पाहुणे म्हणतात की त्यांना आणखी घटकाभर इथे थांबून मोर बघायचे आहेत. तुम्ही तोवर सरबताचं बघा. होईल ना?"

"नाही," रायाजी म्हणाला.

गड्यांनी माना वळवून पाहिलं. महाराजांना वाटलं, आपल्याला ऐकायला कमी येऊ लागलं.

"काय म्हणालात?"

"होणार नाही, महाराज. माझ्या पाठीवर सहा मण लोखंड आहे आणि माझी ताकद संपलीय. आपण दोघं आधी बाहेर व्हा. कारण मागाहून सांगतो."

त्याच्या आवाजात असं काही होतं की दोन्ही राजे मुकाट्याने बाहेर धावले. गडीही धावले. मग रायाजीने देवाचं नाव घेऊन बाजूला उडी टाकली.

पहिली मांडणी रथाला धडकून दुसरीवर पडली, दुसरी तिसरीवर. आसांचा खणखणाट झाला, घंटा वाजल्या, वंगणाचे माठ फुटले आणि त्या वंगणावरून राणीसाहेबांचे भोपळे एकामागून एक दारातून बाहेर निघाले. सनईवाल्यांना वाटलं मिरवणूक निघाली. त्यांनी सनई धरली.

सगळ्यांत शेवटी रायाजी बाहेर आला. डोक्यापासून पायापर्यंत काळा, पण धडधाकट. तो महाराजांपुढे हात जोडून उभा राहिला.

"महाराज, मला लोखंडातलं काही कळत नाही. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. आणि जेवण, वाजंत्री, हत्ती, हे सगळं एकट्याला झेपणारं नव्हतं. तेही सांगितलं नाही. काय शिक्षा द्यायची ती द्या."

महाराज काही बोलणार, तोच पाहुण्या राजांनी त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ह्या मांडण्या कुणाकडून घेतल्या?"

"एक व्यापारी होता," रायाजी म्हणाला. "कानात भिकबाळी."

"हत्ती ठेवा म्हणाला होता?"

"हो."

पाहुण्या राजांनी आपल्या घोडेस्वाराला हाक मारली. "तसाच दौडत घरी जा. आमच्या रत्नशाळेतल्या हंसाच्या मांडण्यांजवळ कुणी जोरात पाऊलही टाकू नये म्हणावं."

महाराजांना हसू आवरेना. रायाजीला त्यांनी शिक्षा केली नाही. "तुम्ही आज एकदा नाही म्हणालात, म्हणून आम्ही दोघं उभे आहोत," ते म्हणाले. "चूक माझीही आहे. होईल ना, एवढंच मी विचारत आलो. किती होईल, हे कधी विचारलं नाही."

व्यापारी केव्हाच परागंदा झाला होता. रायाजी स्वतः भागा घिसाडणीच्या पालावर गेला, तिची माफी मागितली आणि म्हणाला, "बाई, मला ह्यातलं कळत नाही. तू सांगशील तसं करू."

भागाने मोर तापवून ठोकले. त्यांच्या तिरप्या पट्ट्या केल्या आणि ठेंगण्या, काळ्या मांडण्या उभ्या केल्या. प्रत्येकीच्या खालच्या फळीवर तिने चार गडी बसवले. ह्या वेळी ते मागे सरले नाहीत, कारण पाचवा रायाजी होता आणि जागेसाठी भांडत होता. त्यालाही बसू द्या, असं कुणी म्हटलं, तेव्हा भागा म्हणाली, "चार म्हणजे चार." त्या मांडण्या पुढे रायाजीच्या नातवंडांनीही वापरल्या.

त्यानंतर महाराजांनी काम सांगितलं की रायाजी थोडा विचार करी आणि म्हणे, "एवढं मी करीन. एवढं दुसऱ्याला द्या." पहिल्या वेळी महाराजांच्या कपाळाला आठी पडली. पण जे तो घेई ते पुरं होई, हे दिसलं तशी ती गेली. चिमाच्या हातची गरम भाकरी आता तो गरम असतानाच खाऊ लागला. आणि काही वर्षांनी राज्यातलं सर्वांत जोखमीचं काम, दुष्काळासाठी राखलेल्या धान्याची कोठी, महाराजांनी कुणालाही न विचारता त्याच्या हाती सोपवली.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात असू द्या: जो आपल्याला किती पेलेल हे आधीच सांगतो, त्याच्यावरच भार टाकावा.