खंड्याची चार वाक्यं

नद्यांना अजून नावं नव्हती, तेव्हाची गोष्ट. नदीकाठच्या कुरणात गव्यांचा मोठा कळप चरत होता. तेवढ्यात खंड्या पक्षी धापा टाकत आला. "सकाळी मी मासा पकडला, तो निसटला, म्हणून मी नदीच्या वरच्या अंगाला गेलो, तर तिथे..."

गवे चरतच राहिले. एक म्हातारा गवा खेकसला, "मासा राहू दे! आम्ही काय करायचं ते आधी सांग."

"टेकडीवर चला."

"का?"

"पूर येतोय."

"कशावरून?"

"अख्खे वड मुळासकट वाहत येताना पाहिलेत मी."

"मग हेच, असंच, सगळ्यांना सांग."

खंड्याने फांदीवरून तसंच सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "म्हणून म्हणतो, आत्ता टेकडीवर चला."

जमीन हादरली. शेकडो गवे एकदम वळले. मुठीएवढा खंड्या श्वास रोखून बघत राहिला. आपल्या चार वाक्यांनी हा एवढा डोंगरासारखा कळप हलला!

संध्याकाळी कुरणाच्या जागी नुसतं पाणी होतं. टेकडीवर म्हातारा गवा खंड्याशेजारी ऐसपैस बसला.

"हं," तो म्हणाला, "आता सांग त्या माशाचं."