शेवटचा टाका अंगावर

सावरखिंडीला अजून गाडीरस्ता झाला नव्हता आणि खिंडीपलीकडून आलेला माणूस परमुलखातला वाटे, त्या काळातली ही हकीकत आहे. त्या गावी धुरपदा नावाची एक बाई कातड्याचे पट्टे शिवीत असे. असे म्हणतात, की तिच्या पट्ट्याचे कातडे झिजून पिंपळपानासारखे जाळीदार झाले, तरी टाका म्हणून उसवत नसे.

चैत्रात सावरखिंडीला सोंगांचा उत्सव भरे. शेवटचे सोंग नरसिंहाचे. देवळाच्या मधल्या पायरीवर ते सजवीत. सोंगाच्या पाठीवर बांबूची उंच प्रभावळ चढवीत, दिवेलागणीला तिच्यावर दिवे पाजळीत, आणि तो सगळा भार कमरेच्या एका पट्ट्यावर तोललेला असे. एकदा चढलेली प्रभावळ गावाची फेरी पुरी होईपर्यंत उतरवायची नाही, असा नेम होता. आणखीही एक नेम होता. धुरपदेने केलेला पट्टा देवाच्या अंगावर चाले. धुरपदेला मात्र पायऱ्यांच्या खाली, निंबापाशी उभे राहावे लागे. सोंगाचे मापसुद्धा तिने घ्यायचे नाही. पाटलाचा माणूस सोंगाच्या कमरेला सुतळी लावी, गाठ मारी आणि ती सुतळी तिच्या अंगणात टाकून जाई.

जुनी सोंगे बारीक आवाजाची होती, तोवर सुतळीवर भागले. पुढे सोंग गावातल्या हैबती नावाच्या पोराच्या बापाकडे आले. त्या घराण्याची डरकाळी अशी, की गोठ्यातली गुरे दावी तोडीत. पहिल्याच वर्षी ऐन डरकाळीत पट्टा तुटला. दुसऱ्या वर्षी तो पुन्हा तुटला आणि जळती प्रभावळ हैबतीच्या बापाच्या पाठीवर कोसळली. तो वाचला, पण त्याची कंबर पुन्हा सरळ झाली नाही. मग गाव बोलू लागले, की धुरपदेच्या हातालाच दोष आहे.

तिसऱ्या वर्षी सोंग हैबतीकडे आले. येसाजी पाटलांनी निंबाखाली धुरपदेला बोलावून बजावले, "औंदा पट्टा तुटला, तर तुझं बिऱ्हाड खिंडीपल्याड. समजलं?"

धुरपदेने पदर सावरला. "माझ्या हाताला दोष न्हाई, पाटील. तुमच्या सुतळीला हाय."

"सुतळीला!" पाटील हसले. "उद्या म्हणशील, देवाच्या पोटाला दोष हाय."

"त्येच म्हंते मी. देव काय मुका उभा राहतो का? डरकाळी फोडताना पोट फुगतं, आन् तुम्ही माप घेता गप उभ्या मानसाचं. मला ओरडत्या मानसाचं माप द्या."

पाटलांचे हसू मावळले. पण नेम मोडवेना. तेव्हा धुरपदेनेच तोड काढली. हैबतीने ओढ्याच्या अलीकडे उभे राहावे, त्याच्या आईने सुतळी धरावी. धुरपदा पलीकडे उभी राहील. हैबतीने नुसती हाक मारायची. पाटलांनी मान डोलावली आणि तिघे ओढ्यावर गेली.

"कुनाला हाक मारू?" हैबतीने विचारले.

"मलाच मार की. दुसरं कोन हाय हितं?"

"धुरपदे," तो पुटपुटला.

"आरं, सोयरीक मागायला आलास का डरकाळी फोडायला? तुज्या बापाची पाठ आठव आन् मार!"

तेव्हा हैबतीने हाक मारली. असे म्हणतात, की ओढ्याचे पाणी उलटे सरकले आणि वाळूवर मासे उघडे पडले. आईच्या बोटांतून सुतळी वीतभर सरकली. तिथेच गाठ बसली.

मग धुरपदा कामाला बसली. बाहेरून म्हशीचे जाड कातडे, आतून शेळीचे मऊ. दोन्हींच्या कडा तिने रापीने तासून पातळ केल्या, चिंचोक्याच्या खळीने दोन्ही पदर जोडले आणि दगडाखाली दाबून सावलीत वाळवले. उन्हात घाईने वाळवलेला पट्टा तिच्या लेखी पट्टाच नव्हे. आरीने भोके पाडली तीही तिरपी, कारण सरळ भोकांची रांग कातड्याला फाडते. अंबाडीच्या दोऱ्याला मेण चोळले. दोन सुया घेऊन एकाच भोकातून समोरासमोर ओढल्या. एक दोरा तुटला तरी दुसऱ्याने धरावे. पितळी कड्या बसवल्या. एवढे झाल्यावर डाव्या कडीपाशी एक टाका तिने मोकळाच ठेवला.

"हा ऱ्हायला की गं!" सुतळी धरणारी हैबतीची आई पट्टा न्यायला आली होती, ती म्हणाली.

"ऱ्हायला न्हाई, ठेवलाय. भार अंगावर आला म्हंजी कातडं बसतं. शेवटचा टाका अंगावर. आमच्या सासऱ्याची शिकवण हाय. तू घालशील?"

"गोधड्या शिवतेच की मी," आई म्हणाली.

उत्सवाच्या दिवशी मधल्या पायरीवर प्रभावळ चढली. दिवे पाजळले. संबळ घुमू लागला. आईने गोधडीची सुई काढली आणि कातड्याला लावली, सुई मोडली. दुसरी लावली; तीही मोडली. तेवढ्यात डावी कडी झुकली. प्रभावळ कलली आणि तिच्यावरचे तेल हैबतीच्या खांद्यावर ठिबकू लागले. खाली ठेवावी तर नेम मोडतो, धरून ठेवावी तर बापाची गत होते. त्याने निंबाकडे मान वळवली.

"धुरपदामाय!"

त्या गावात त्या बाईला कुणी माय म्हटल्याचे कुणाला आठवत नव्हते.

धुरपदा पायऱ्या चढली. कुणी वाट अडवली नाही. असे म्हणतात, की अडवायला पुढे झालेल्यांचे पाय जागीच रुतले. तिने कनवटीची आरी आणि दोन सुया काढल्या. खिंडीतला वारा पडला, आणि ती गाठ मारीपर्यंत प्रभावळीवरची एकही ज्योत हलली नाही. दोन सुया समोरासमोरून लोण्यातून जाव्यात तशा गेल्या. आरी निसटून तिच्या बोटाला लागली आणि रक्ताचा एक थेंब पायरीवर पडला. तिने तिकडे पाहिलेसुद्धा नाही. दाताने दोरा तोडून ती म्हणाली, "आता वरड."

हैबती ओरडला. पट्टा करकरला, ताणला, आणि राहिला. खिंडीतल्या वाघांनी त्या डरकाळीला ओ दिली, असे म्हणतात.

धुरपदा उतरू लागली, तेव्हा पाटील पायरीशी उभे होते. त्यांनी तिच्या रक्ताळल्या बोटाकडे पाहिले. मग म्हणाले, "दोरा पुरला का, बाई?"

"पुरला," ती म्हणाली. "सुतळी तेवढी बदला."

तिला जाऊन आता किती पिढ्या झाल्या, कुणालाही सांगता येत नाही. प्रभावळीवर तेलाचे दिवे जाऊन बॅटरीवरचे आले आहेत, संबळाच्या जोडीला लाउडस्पीकरचा कर्णा लागतो, आणि खिंडीत वाघ उरलेले नाहीत. मधल्या पायरीवर एका जागी मात्र कितीही पाऊस पडला तरी शेवाळ धरत नाही. पट्टा अजून कातड्याचाच असतो आणि डाव्या कडीपाशी एक टाका मोकळा राखलेला असतो. सोंग सजले, की संबळ थांबतो. धुरपदेच्या घरची सून पायऱ्या चढून वर येते आणि सुया हातात धरून वाट पाहते. नरसिंहाची पहिली डरकाळी देवाच्या नावाची नसते. तो निंबाकडे तोंड करून सगळ्या छातीने हाक मारतो, "धुरपदामाय!" आणि त्या फुगलेल्या श्वासावरच शेवटचा टाका पडतो.