उसाशातली शेगडी

कारवण्याच्या टेकडीवर दगडी कठड्याचं एक अरुंद तोंड आहे. टेकडीच्या पोटातून पाणी आणणाऱ्या जुन्या नहरीत हवा खेळावी म्हणून वरून खणलेला हा उभा झरोका. गावकरी त्याला उसासा म्हणतात. त्याची आतली बाजू काजळीने काळीकुट्ट झालेली. पाहुणे वाकून बघू लागले की म्हातारे भिकोबा गुरव आधी त्यांना दंडाला धरून मागे ओढतात आणि मगच हकीकत सांगतात.

फार पूर्वी, म्हणे, चैत्रात नहर आटली की गावातली माणसं आत शिरून गाळ काढत. त्या वर्षी ठकाजी कुंभार टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या नहरीच्या खालच्या तोंडातून एकटाच पुढे गेला आणि थोड्या वेळाने त्याची ओ येईनाशी झाली. मागून गेलेले दोघे विझलेले दिवे घेऊन रांगत परतले. "आतली हवाच मेलीया," एवढंच त्यांना बोलवलं.

वर लोक सुपांनी उसाशात वारा घालू लागले. बाहेर ऊन भाजत होतं. आतली हवा मात्र गार, जड, रांजणातल्या पाण्यासारखी बसून राहिलेली. सुपांना ती काय दाद देणार! ठकाजीची बायको साळू हे बघत होती. तिचा जन्म भट्टीपुढे गेलेला. तापलेली हवा हलकी होऊन वर पळते आणि खालच्या भोकातून ताजा वारा ओढून घेते, हे ती रोज बघायची. तिने खापराची शेगडी पेटवली आणि दोराने उसाशात सोडली.

"अगं, नवऱ्याला धुरानं मारतीस व्हय?" पाटील ओरडले.

घाईत शेगडी फार खोल, त्या मेलेल्या हवेत गेली आणि विझली. साळूने ती वर ओढून घेतली. आता तिला कोणी काटकीसुद्धा देईना. ती धावत घरी गेली. सासऱ्याने घडवलेलं बाभळीचं चाक, ज्याच्यावर घर चालायचं, ते तिने कुऱ्हाडीने फोडलं आणि शेगडीत पेटवलं. या खेपेला तिने शेगडी पुरुषभरच खाली सोडली.

धूर आधी घुटमळला. मग सरळ वर चढला.

"गवात आत वाकाय लागलं!" खालच्या तोंडाशी बसलेला माणूस किंचाळला. "दिवा टिकतोय आता!"

चौघे आत धावले. ठकाजीला बाहेर आणलं तेव्हा त्याचे ओठ निळे होते. पण श्वास चालू होता. साळू त्याच्या उशाशी बसून मोठ्याने रडली. पाटलांची मान खाली गेली. पुढच्या चैत्रात त्यांनी आपली शिसवी काठी स्वतःच्या हाताने मोडून शेगडीत घातली, असं सांगतात.

आजही नहरीत उतरण्याआधी उसाशात शेगडी लटकवतात. प्रत्येक घर आपल्या वापरातली एक लाकडी वस्तू तिच्यात घालतं. पहिली पाटलांच्या घरची. कोणी रवी देतं, कोणी कुदळीचा दांडा. परवा एकाने क्रिकेटची बॅट दिली. खाली गवत आत वाकल्याशिवाय कोणी पाऊल टाकत नाही. कुंभाराकडून मात्र काही घेत नाहीत. त्या घराने एकदाच सगळं दिलंय, भिकोबा म्हणतात.