खंड्याच्या फोटोखालचं नाव

"आणि ॲपर्चर म्हणजे?"

"उजेड आत घेणारं भोक," रेवण म्हणाला. "आकडा मोठा, तितकं भोक बारीक."

"शटर?"

"उजेडाला किती वेळ आत येऊ द्यायचं, ते त्याच्या हातात."

"आयएसओ?"

"थोडक्या उजेडात भागवायची सोय. फार ताणलं की फोटोत रव्यासारखे दाणे दिसायला लागतात. आणखी विचारा चाचा, विचारा!"

अन्वरचाचांनी नुसती मान हलवली. या तळ्याकाठी त्यांच्या हाताखाली पक्ष्यांचे फोटो काढून काढून रेवण तयार झाला होता, आणि हे त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं. पण चाचांची रीत अशी, की त्यांनी हो म्हणेपर्यंत शिष्यानं फोटोखाली नाव घालायचं नाही. उद्या शहरात प्रदर्शन. भिंतीवर रेवणचे फोटो लागणार आणि तेही बिननावाचे!

"मग घालू ना नाव?"

चाचांनी तळ्याकडं बोट केलं.

तेवढ्यात समोरच्या वाळक्या फांदीवरून खंड्यानं पाण्यात सूर मारला. रेवणनं कॅमेरा डोळ्याला लावला. पक्षी वर आला, आणि खट्!

"मिळाला! चोचीत मासा, चाचा, मासा!" गडी नाचायचाच काय तो बाकी होता.

"मासा घट्ट धरलेला होता, की निसटत होता?"

रेवण कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकला. चाचांनी पडद्यावर अलगद तळहात ठेवला.

"त्याला नको विचारूस. तू काय पाहिलंस?"

घट्ट धरलेला, असं ठोकून देणं सोपं होतं. बहुतेक वेळा तसंच असतं.

"...नाही दिसलं, चाचा."

"का रे?"

"बटण दाबलं की आतला आरसा वर उचलला जातो. डोळ्यापुढं काळोख. नेमका तेवढाच क्षण मला दिसत नाही." तो थांबला. त्याचा आवाज बारीक झाला. "म्हणजे उद्या भिंतीवर जे लागणार, त्यातलं काहीच... मी पाहिलेलं नाही."

त्यानं गळ्यातला कॅमेरा काढून चाचांपुढं ठेवला.

"राहू द्या. बिननावाचेच लावू."

 चाचांनी पडद्याकडं पाहिलंसुद्धा नाही. कॅमेरा उचलून त्यांनी पुन्हा रेवणच्या गळ्यात अडकवला.

"न दिसलेलं दिसलं म्हणाला नाहीस. आता घाल नाव."