पंचनाम्यातली कोरी जागा

मे महिन्यात आमच्या गावच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं. अशा उन्हात बांधकाम खात्याचे खानझोडे साहेब भागरथाबाईंच्या घराचा पंचनामा करायला आले. हातभर जाड मातीच्या भिंती आणि वर कवेलूचं, कौलारू छप्पर म्हणजे साहेबांच्या मते प्रगतीला लागलेला डाग. ते घर पाडून तिथे सिमेंटचं घर बांधायचं त्यांनी आधीच ठरवलं होतं. फक्त पंचनाम्यावर मालकिणीची सही हवी होती.

साहेब लिहायला बसले ते त्यांनीच बांधलेल्या, स्लॅबच्या समाजमंदिरात. दहा मिनिटांत घाम कागदावर टपकू लागला. "जागेवर जाऊनच लिहिलेलं बरं," असं म्हणून ते बाराच्या सुमारास भागरथाबाईंच्या माजघरात आले, माठातलं दोन तांबे पाणी प्याले आणि भिंतीला टेकले. चार ओळी लिहून डोळा लागला, तो थेट चारला उघडला.

मग साहेबांनी खाकरून वाचलं, "सदर घर उन्हाळ्यात राहण्यास अयोग्य असून जीवितास धोकादायक आहे. करा सही."

भागरथाबाईंनी चष्मा लावून कागद शेवटपर्यंत वाचला. "साहेब, खाली ठिकाण आन् वेळ कोरी आहे जी."

"भरा तुम्हीच," साहेब जांभई देत म्हणाले.

भागरथाबाईंनी सावकाश लिहिलं: ठिकाण, हेच घर. वेळ, दुपारी बारा ते चार. खाली सही करून कागद साहेबांपुढे धरला. "अशा धोक्याच्या घरात चार तास कसे काढले, हे वरच्या साहेबांनी विचारलं तर तेवढं तुम्ही सांगा जी."

साहेबांनी कागदाची घडी करून खिशात घातली. जायला मात्र ते ऊन उतरल्यावरच उठले.