बेहड्याची ना हरकत

त्या नगरीत रोज काहीतरी ठरत असे, आणि ठरले की ते फलकावर लागत असे. पाणवठ्याची वेळ बदलली. वारुळांना क्रमांक मिळाले. पूर्वेकडच्या पायवाटेचे नाव बदलले आणि पुढच्या सभेत पुन्हा जुनेच ठेवले. निर्णय इतके साचले की फलक पुरेना. मग सभेने नवा, रुंद फलक करायचे ठरवले आणि त्याच्या फळ्यांसाठी ओढ्याकाठचा बेहडा तोडायला काढला. ही सूचनाही जुन्या फलकावर लागली, कोपऱ्यात, जागा मिळाली तिथे. खाली लिहिले होते : हरकत असल्यास झाडाच्या रहिवाशाने पंधरा दिवसांत समक्ष नोंदवावी.

बेहड्याच्या ढोलीत धनेशाची बायको होती. धनेश पक्ष्यांची रीतच अशी, की अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते, दार चिखलाने लिंपून घेते आणि चोचीपुरती फट तेवढी ठेवते. आत तिची पिसे झडतात. नवी येईपर्यंत तिला उडता येत नाही. नराने उंबरे आणायची आणि फटीतून भरवायची. आत आता दोन पिल्लेही होती, आणि बाहेर पडायला त्यांना अजून महिना लागणार होता. त्याआधी झाड पडले असते तर तिघांचीही गत सांगायला नको.

धनेश कचेरीत गेला. तिथे खारुताई कारकून होती.

"तुम्ही त्या झाडात राहता?" तिने विचारले.

"मी फांदीवर असतो. आत बायको आहे."

"मग त्यांना पाठवा."

"तिला बाहेर येता येत नाही. म्हणून तर हरकत आहे, खारुताई!"

खारुताई वाईट नव्हती. तिने सगळे ऐकून घेतले, शेपटीने टेबल झटकले आणि उद्या यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष रेडा डुंबायला गेला होता. तिसऱ्या दिवशी पुरेसे सभासद न आल्याने सभा तहकूब झाली. तहकूब झाल्याची सूचना मात्र वेळेवर लागली. उंबरे आणायची, भरवायची, कचेरी गाठायची, परत उंबरांकडे जायचे. हेलपाट्यांनी धनेशाचे पंख भरून आले. रात्री फांदीवर बसल्या बसल्या तो मनातल्या मनात अर्जाची वाक्ये जुळवायचा.

बाराव्या दिवशी रेडा भेटला. त्याने डोळे मिटून ऐकले आणि तोडगाही काढला.

"त्यांच्या वतीने तुम्हीच बोला की. तुम्ही बोलायला त्यांची हरकत नाही, एवढा दाखला आणा. मग काही अडचण नाही."

धनेशाला भरून आले. बारा दिवसांत 'अडचण नाही' हे शब्द त्याने पहिल्यांदाच ऐकले होते.

फटीतून बायकोचा आवाज आला, "अहो, माझी हरकत आहे हे सांगायला, माझी हरकत नाही असं लिहून द्यायचं?"

"तिथलं तसंच असतं."

"आवाज किती बसलाय तुमचा. आधी एक उंबर तुम्ही खा." आणि खूण म्हणून तिने आपले एक झडलेले पीस बाहेर सरकवले.

खारुताईने पीस चिकटवून दाखला तयार केला, त्यावर शिक्का मारला आणि पोचही दिली. पंधराव्या दिवशी सभा भरली. धनेश बाहेर वाट बघत बसला. त्याचा विषय शेवटून दुसरा होता, आणि तो येईपर्यंत निम्मे सभासद पेंगत होते.

"विषय, बेहडा," खारुताई वाचू लागली. "रहिवाशाचा दाखला सोबत जोडला आहे. ना हरकत."

"उत्तम," रेडा म्हणाला. "एकमताने मंजूर."

धनेश आत धावला. "अहो, तो दाखला हरकतीसाठी होता!"

"मग हरकत कुठे आहे?"

"ती मी आता सांगणार होतो."

"मंजूर विषयावर बोलता येत नाही हो," रेडा अगदी प्रेमाने म्हणाला. "फेरविचाराचा अर्ज करा. पुढच्या तिमाहीत घेऊ."

पुढच्या तिमाहीपर्यंत पिल्ले आत थांबणार नव्हती आणि झाडही थांबणार नव्हते, पण भूक तर आत्ताच लागलेली होती. म्हणून धनेश आधी उंबरांकडे गेला.

तो परतला तेव्हा सभेचे शिपाई मुंगूस खळीने कागद चिकटवून निघून गेले होते. आदेश बुंध्यावर लागला होता, जिथे जागा सपाट होती तिथे, म्हणजे नेमका ढोलीच्या लिंपलेल्या दारावर. तोड उद्या सकाळी. रहिवाशांनी दिलेल्या सहकार्याबद्दल सभा आभारी आहे. हा कागद परवानगीशिवाय फाडणे गुन्हा आहे.

पंखांचा आवाज आत ऐकू गेला असावा. 'सहकार्य' या शब्दापाशी कागद आतून वर उचलला गेला, खाली बसला, पुन्हा उचलला गेला. धनेश चोचीत उंबर धरून तो कागद पहिल्या ओळीपासून वाचू लागला, परवानगी कुठे मिळते ते बघायला.